आतल्या बाईंचं माप

१

दुकान दहाला उघडायचं, पण चिएमीचा दिवस सुरू व्हायचा त्याच्या वीस मिनिटं आधी, आरशासमोर, हसण्यापासून. कर्मचाऱ्यांच्या दाराशी एक उभा आरसा होता. त्यात पाहून हसू नीट बसवायचं आणि मगच मजल्यावर पाऊल ठेवायचं, असा तिथला शिरस्ता. चिएमीचं हसू तीन महिन्यांत एकदाही पहिल्या खेपेला बसलं नव्हतं.

"हसतेयस की दाढ दुखतेय?" कुरोसे बाई मागून म्हणाल्या.

कुरोसे बाई चौथ्या मजल्याच्या प्रमुख होत्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, काठीसारख्या सरळ, आणि बोलायला लागल्या की कापडातून टाचणी टोचावी तशा. निहोनबाशी पेठेतल्या त्या जुन्या, सात मजली दुकानात उंची बायकी कपड्यांचा विभाग त्या बत्तीस वर्षं सांभाळत होत्या. आज चिएमीच्या उमेदवारीचा शेवटचा दिवस. संध्याकाळी सहापर्यंत कुरोसे बाई ठरवणार होत्या की तिला मजल्यावर ठेवायचं की तळघरातल्या गोदामात खोकी दुमडायला पाठवायचं.

चिएमीला मजलाच हवा होता. लग्नाला पाच महिने झाले होते. सासूबाई पहिल्याच जेवणात म्हणाल्या होत्या, "इतकी मुखदुर्बळ पोर दुकानात विकणार काय? मौन?" नवरा, योइची, हसला होता आणि नंतर भांडी घासताना त्याने माफीही मागितली होती. पण ते वाक्य तिच्या पोटात जाऊन बसलं ते बसलंच. शाळा, कॉलेज, लग्न, सगळं इतरांनी ठरवलं होतं आणि तिने मान डोलावली होती. ही नोकरी तेवढी तिने स्वतः शोधली होती.

इथे मोजके नियम होते आणि ते तिला पाठ होते. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही. माप नसलं तर "पाहून येते", माल नसला तर "मागवून ठेवते". कुरोसे बाई म्हणायच्या, "तो शब्द छत्रीबरोबर खाली ठेवून यायचा." दुसरं, जिने पहिल्या हाकेला ओ दिली, गिऱ्हाईक तिचं. मग ते दारापर्यंत पोचवेपर्यंत दुसरी कुणी मध्ये पडणार नाही, प्रमुखसुद्धा नाही. आणि कपडे घालून पाहायच्या खोलीचा पडदा आतून सांगितल्याशिवाय उघडायचा नाही, काही झालं तरी.

मान डोलावणाऱ्या मुलीला यातलं काहीच अवघड वाटलं नव्हतं.

२

दहाचे टोले पडले. सगळ्याजणी आपापल्या जागी कमरेतून वाकल्या. पहिलं गिऱ्हाईक पुढे जाईपर्यंत असं वाकून राहायचं असतं. वाकलेल्या माणसाला फक्त पाय दिसतात, आणि चिएमीला आता पायांवरून माणसं ओळखायची सवय लागली होती. नवे बूट चावणारी, दुसऱ्याच्या पैशाने आलेली, नुसतीच एसीची हवा खायला आलेली.

आज कुणाचेच पाय आले नाहीत. मंगळवार होता. मनातल्या मनात तीस आकडे मोजून सगळ्या सरळ झाल्या.

"चला, आज माशा मारायच्या," शेजारच्या काउंटरवरची इत्सुमी पुटपुटली. "तेही माशा आल्या तर."

चिएमी हसली आणि चेहरा-टोप्यांचं खोकं घेऊन मागच्या बोळात गेली. चेहरा-टोपी म्हणजे मुखवट्यासारखी पातळ पांढरी पिशवी. कपडा डोक्यातून घालताना तोंडावर ओढून घ्यायची, म्हणजे लिपस्टिक कापडाला लागत नाही. बोळात राखाडी गालिचा होता, डाव्या हाताला तीन खोल्या, तिन्हींना जाड पडदे. पहिल्या दोन्हींचे पडदे बाजूला सारलेले. तिसरीचा ओढलेला.

तिसरीसमोर बुटांचा जोड होता. तपकिरी, नाडीचे, मोठ्या मापाचे. चवडे आतल्या बाजूला.

मागच्या लिफ्टने आल्या असतील, चिएमीला वाटलं. ती लिफ्ट सव्वादहाला सुरू होते हे तिला जरा नंतर आठवलं. तोवर हात सवयीने पुढे गेले होते. गुडघ्यांवर बसून तिने दोन्ही बूट उचलले आणि चवडे बाहेर करून ठेवले. गिऱ्हाईक बाहेर येईल तेव्हा त्याला वळायला लागू नये, पाय थेट बुटात जावेत, म्हणून असं करायचं असतं. दिवसातून पन्नासदा ती हे करायची. फक्त आजवर कधी बाई न पाहता बूट वळवले नव्हते.

"कुणी आहे का?" आतून आवाज आला.

"आले, मॅडम!" चिएमी म्हणाली.

आवाज सौम्य होता, थोडा दबलेला. तोंडावर टोपी असेल. "हा निळा पोशाख पाहत होते. पंधरा नंबर. फार सैल होतोय. तेरा मिळेल?"

"पाहून येते, मॅडम."

निळा पोशाख म्हणजे पाठीवर लांब चेन आणि वर मानेशी बारीक कडी असलेला. रांगेत पंधराची जागा रिकामी होती. म्हणजे बाईंनी स्वतःच उचलून नेला. झालं तर. तिने तेरा नंबर काढला आणि पडद्याच्या कडेने आत सरकवला. पलीकडून कुणीतरी तो हळूच घेतला, आणि त्याच फटीतून पंधरा नंबर बाहेर आला. हँगरला लावलेला, चेन वरपर्यंत ओढलेली.

चिएमीने तो हातावर घेतला आणि थबकली. घालून पाहिलेला कपडा परत येतो तेव्हा त्यात माणसाची ऊब असते. काखेपाशी, पाठीवर. पहिल्या आठवड्यात तिला त्याची किळस यायची, नंतर तिला ती ऊब आवडायला लागली होती. हा पोशाख नदीच्या दगडासारखा गार होता.

आत एसी जास्त असेल, तिने स्वतःला सांगितलं.

३

अकराच्या सुमारास इत्सुमी म्हणाली, "ती तिसरीतली तुझीच ना गं?"

"हो. तू पाहिलंस त्यांना येताना?"

"मी कशाला बघू? तू ओ दिलीस ना, मग तुझी. मला वाटलं तुझी कुणी मावशी-बिवशी असेल. तासभर आत काय करतेय? झोपली?"

"तेरा घालून बघतायत."

"अगं, तेरात झोप छान लागते," इत्सुमी म्हणाली आणि एका जोडप्याकडे हसत गेली.

चिएमी बोळात आली. बुटांचे चवडे पुन्हा आत होते.

ती त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. बाहेर वळवले होते, हे नक्की. की वळवायचं मनात आणलं आणि खोक्याच्या नादात राहून गेलं? पन्नास वेळा केलेल्या गोष्टीची एकावन्नावी वेळ आठवत नाही हेच खरं. तिने वाकून ते पुन्हा बाहेर वळवले. उचलताना वाटलं, सकाळी इतके हलके नव्हते.

"मॅडम, कसा झाला?"

"बरा आहे. पण सैलच. अकरा द्याल?" मग जरा थांबून, "आणि हे बघा, डावा खांदा उतरतोय."

"आणते, मॅडम. आमचे शिंपीकाका आहेत, ते खांद्यात भर घालून देतील."

"हो," आवाज म्हणाला. "देतात ते."

तेरा नंबर बाहेर आला, चेन लावलेला आणि गार.

४

जेवायच्या सुट्टीला चिएमी गेली नाही. गिऱ्हाईक आत असताना जाता येत नाही. ती काउंटरपाशी उभी राहून न चुरगळलेल्या रेशमी रुमालांच्या पुन्हा घड्या घालत होती.

कुरोसे बाई जवळ आल्या. "जेवलीस?"

"गिऱ्हाईक आहे आत."

"अजून?"

"हो. सकाळपासून."

कुरोसे बाईंनी बोळाकडे पाहिलं, नंतर चिएमीकडे. आता मुखदुर्बळपणावर काहीतरी टोचून बोलतील म्हणून चिएमी तयार झाली. पण बाईंनी विचारलं ते भलतंच.

"किती नंबर चाललाय?"

"अकरा."

"तू कितीचं घालतेस?"

"मी? नऊ."

बाईंनी हात लांबवून रांगेतला एक हँगर सरळ केला. तो आधीच सरळ होता.

"कुरोसे बाई, मी पडद्याबाहेरून एकदा तब्येत विचारू का? म्हणजे, वयस्कर असतील, चक्कर वगैरे..."

"गिऱ्हाईक तुझं आहे," बाई म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात चिएमीने त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "तुलाच बघायला हवं. मला मध्ये पडता येत नाही. नियम माहितेय ना तुला?"

"हो."

"सगळे नियम पाळतेस तू. तीन महिने बघतेय मी." हे कौतुक होतं की ठपका, ते कळायच्या आत त्या निघून गेल्या. त्यांच्या काळ्या स्कर्टवर, गुडघ्यांपाशी, राखाडी धाग्यांचा पुसटसा भुगा लागला होता. कुरोसे बाईंच्या स्कर्टवर भुगा! एरवी हे इत्सुमीला सांगून दोघी दिवसभर हसल्या असत्या.

५

दीडला तिने पुन्हा पाहिलं. बूट आत वळलेले. यावेळी तिने विचारच केला नाही, खाली बसून ते बाहेर वळवले. आतून लगेच आवाज आला, जणू तेवढ्याचीच वाट पाहत होता.

"थँक यू. आता नऊ द्या. नऊ बरोबर होईल."

आवाज मघापेक्षा तरुण होता. दबलेलाही नव्हता तितका.

चिएमी नऊ नंबर आणायला गेली. हँगरवरून काढताना तिला आठवलं की पहिल्या दिवशी शिंपीकाकांनी तिच्या गणवेशाचं माप घेतलं होतं. टेप गळ्यात टाकून ते म्हणाले होते, "सूनबाई, तुमचा डावा खांदा बोटभर खाली आहे. लहानपणी दप्तर एकाच खांद्यावर न्यायचात ना?" आणि त्यांनी गणवेशात डावीकडे कापसाची एक चकती शिवून दिली होती. तिच्या आईलाही हे ठाऊक नव्हतं.

पुष्कळ बायकांचे खांदे उतरलेले असतात. पुष्कळ बायका नऊ नंबर घालतात. जपानात सगळ्यात जास्त खपतो तोच. ती स्वतःला हे सांगत बोळात आली, आणि पोशाख पडद्याच्या फटीत सरकवताना तिची नजर खाली गेली.

बूट छोटे होते. तपकिरी, नाडीचे, पण छोटे. डाव्या टाचेची कड बाहेरच्या अंगाला झिजलेली. उतरत्या खांद्याचं माणूस चालतं तेव्हा टाच तिथेच झिजते. चिएमीने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. तिचे बूट काळे होते. पण डाव्या टाचेची कड बाहेरच्या अंगाला झिजलेली होती, तितकीच, तशीच तिरकी.

तिला पळून जावंसं वाटलं. पण कुठे जाणार? काउंटरवर जाऊन काय सांगणार? की आत एक बाई आहे आणि तिला माझं माप होतंय? इत्सुमी वर्षभर सांगत फिरली असती. संध्याकाळी सहाला कुरोसे बाईंनी तळघराचं दार दाखवलं असतं, आणि घरी सासूबाई काही बोलल्याही नसत्या. नुसती आमटी वाढली असती.

६

"जरा ऐकता का?" आतून आवाज आला.

"हो, मॅडम."

"अगदी बरोबर बसलाय. फक्त मागची कडी. माझा हात पोचत नाहीये. आत येऊन लावून देता?"

ही रोजचीच विनंती. दिवसातून चार बायका ती करतात. कुणी बोलावलं की पडदा अर्धा सारायचा, स्वतःचे बूट काढायचे, मॅटवर पाय ठेवायचा आणि कडी लावून द्यायची.

"आले, मॅडम," चिएमीचं तोंड म्हणालं.

तिने डावा बूट काढला. मग उजवा. ते दोन तपकिरी बुटांशेजारी उतरले, आणि ओळीने ठेवलेले चार बूट पाहताना तिला क्षणभर कळेना की आपण कोणते काढले. पंख्याचा आवाज येत होता. दूर कुठेतरी इत्सुमी खोटं खोटं हसत होती. चिएमीने पडदा दोन विती सारला.

पाठ होती. निळ्या कापडाच्या दोन कडांमध्ये मानेपासून खांद्यांपर्यंत उघडी. स्वतःची पाठ कुणी पाहिलेली नसते, त्यामुळे ती ओळखता येत नाही. पण केसांचा अंबाडा तिने सकाळी घाईत बांधला होता, एक पीन तिरकी राहिली होती, आणि पीन तिथेच होती, तशीच तिरकी. डावा खांदा बोटभर खाली. समोरच्या आरशात ती बाई पांढरी टोपी चेहऱ्यावर ओढून उभी होती. तोंडापाशी टोपीचं कापड आत जात होतं आणि बाहेर येत होतं, मंद, चिएमीच्या श्वासाबरोबर. चिएमीने श्वास रोखला. कापडही थांबलं.

"लावा ना," ती म्हणाली. "एवढी कडी लागली की झालं."

चिएमीचा हात कडीपाशी पोचला होता. बोटांच्या टोकांना त्या पाठीचा गारवा लागत होता. ओ देऊन तिनेच हिला आपलं गिऱ्हाईक केलं होतं. बूट बाहेर वळवून तिनेच वाट करून दिली होती. मग पंधरा, तेरा, अकरा, नऊ, एकेक पायरी हातात आणून दिली होती, मान डोलावत. आता कडी लावली की गिऱ्हाईक तयार. ते बूट घालेल आणि चालत बाहेर जाईल, आरशात पाहून पहिल्या खेपेला नीट हसेल. आणि आत कोण राहील?

"नाही," चिएमी म्हणाली.

तो शब्द शब्दासारखा निघालाच नाही. तिने हात मागे घेतला आणि पुन्हा म्हणाली. बोळभर ऐकू गेलं.

"नाही, मॅडम. हा तुम्हाला होत नाही. तुमच्या मापाचं आमच्याकडे काही नाही. मागवूनही मिळणार नाही."

आरशातली मान जराशी कलली, एखादी दुकानदारीण नवा प्रकार ऐकते तशी. मग ती म्हणाली, "बरं."

पडदा आपोआप मिटला नाही, दिवा गेला नाही, काहीच झालं नाही. फक्त खोलीत कुणी नसल्यासारखी शांतता झाली.

चिएमीने मागे पाऊल टाकलं आणि खाली पाहिलं. बुटांचा एकच जोड होता. काळा. तरी तिने जरा भीतभीतच पाय आत घातला.

आत ऊब होती.

७

वळली तर बोळाच्या तोंडाशी कुरोसे बाई उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. संपलं, चिएमीला वाटलं. तो शब्द एकदा नाही, दोनदा उच्चारला, तोही मजल्यावर, प्रमुखांना ऐकू जाईल असा. खोकी दुमडायची. काय हरकत आहे? खोकी दुमडेन. जिवंत आहे.

कुरोसे बाई तिच्याजवळून पुढे गेल्या आणि त्यांनी पडदा पूर्ण सारला. आत निळा पोशाख हँगरवर लटकत होता, नऊ नंबर, कडी उघडी. आरशात दोन बायका होत्या, एक काठीसारखी सरळ आणि एक घामाघूम. बस.

"उशीर केलास," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तू लावतेस आता कडी." आणि भिंतीला हात टेकून त्या चक्क खाली गालिचावर बसल्या, पाय लांब करून. "सकाळपासून तू बूट बाहेर वळवतेयस आणि मी येऊन आत. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने किती वेळा गुडघ्यांवर बसायचं गं? माझी हाडं काय दुकानाच्या खर्चाने दुरुस्त होतात?"

"तुम्ही?" चिएमी म्हणाली. "मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगून काय? मी म्हटलं असतं 'नाही म्हण', आणि तू म्हणाली असतीस 'हो बाई'. तो शब्द सांगून म्हटलेला चालत नाही." त्या गुडघे चोळायला लागल्या. "माझ्या वेळी मी अकरा नंबरची होते. आता पुढे विचारू नकोस. मलाही ठाऊक नाही, आणि मला दुपारी भात खायचाय."

दोघी एकदम हसायला लागल्या. चिएमीचं हसू थांबेना. ते हुंदक्यासारखं वर येत राहिलं. बाईंनी खिशातला रुमाल दिला आणि दुसरीकडे पाहत राहिल्या.

"जा, जेवून ये," बाई म्हणाल्या. "तोंड धू. मग ये."

चिएमीने कॅन्टीनमध्ये दोन वाडगे उदोन नूडल घेतले, म्हणजे चुकून दोन मागितले आणि दोन्ही संपवले. तिथली बाई म्हणाली, "बाळ-बिळ आहे का गं पोटात?" चिएमी तोंडात घास ठेवून मानेने नकार देत राहिली.

तीनला ती मजल्यावर परतली तेव्हा पहिल्या खोलीतून आरडाओरडा चालला होता. चोशी बंदरावरच्या नेमोतो बाई, माशांचे घाऊक व्यापारी असलेल्या कुटुंबातल्या, मुलाच्या लग्नासाठी पोशाख घ्यायला आल्या होत्या. त्यांचे बूट पडद्यासमोर नव्हते. एक बोळाच्या मध्यावर पालथा पडला होता आणि दुसरा कुठेच दिसत नव्हता.

"कुणी आहे का बाहेर? अगं, डोकं अडकलं माझं! मरते की काय आता इथे!"

चिएमीने आधी तिसऱ्या खोलीकडे पाहिलं. इत्सुमी दुसऱ्या गिऱ्हाइकात होती. कुरोसे बाई काउंटरवर होत्या, नजर कागदात, पण पेन थांबलेलं.

"आले, बाई!" चिएमीने ओ दिली, आणि आत शिरली.

आत एक भलीथोरली बाई हात वर करून, पोशाखात डोकं अडकवून, गोल गोल फिरत होती. पाठ लालबुंद, ब्राच्या पट्ट्याचे वळ उमटलेले, मलमाचा आणि खाऱ्या वाऱ्याचा वास. चिएमीने कापड धरून ओढलं. हाताला घाम लागला. पाठ भट्टीसारखी गरम होती.

"ओढ गं, ओढ! मासा सोडवतेस का काय! असं नाजूक नाही, जोर लाव!"

तिने जोर लावला. टर्रकन काहीतरी उसवलं आणि नेमोतो बाईंचं डोकं बाहेर आलं, केस पक्ष्याच्या घरट्यासारखे, टोपी एका कानावर लटकलेली.

"देवा रे! जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "फाटला का गं?"

"शिवण उसवलीय थोडी. आमचे शिंपीकाका मोकळी करून देतील."

"मोकळी कर म्हणावं दोन विती! लग्नात जेवायचंय मला."

अर्ध्या तासाने त्या दोन पोशाख आणि एक शाल घेऊन काउंटरवर आल्या. दुसरा बूट इत्सुमीने सोफ्याखालून शोधून आणला होता. नेमोतो बाई कुरोसे बाईंकडे वळल्या आणि अंगठ्याने चिएमीकडे खूण केली.

"ही पोरगी कशी नेमकी आली धावून! नवी आहे का?"

कुरोसे बाईंनी चष्मा नाकावर चढवला. संध्याकाळचे सहा वाजायला अजून बराच वेळ होता.

"नवी कुठली? आमचीच आहे," त्या म्हणाल्या.

चिएमी खोक्यात पातळ कागद घालत होती. ती घडी तिने तीनदा घातली. पहिल्या दोन वेळा तिला कागद नीट दिसतच नव्हता.